केबेलेचं दप्तर

२६ जुलै १९७५ रोजी इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात, एक फर्मान निघालं आणि शहरातल्या हजारो भाडेकरूंचं भाडं एका झटक्यात उतरलं. महिना तीनशे बिर्रपर्यंत भाडं भरणाऱ्यांना पंधरा ते पन्नास टक्के सूट मिळाली. ज्याचं भाडं जितकं कमी, त्याला सूट तितकी जास्त. घरमालकानं राहायला एक घर आणि जास्तीत जास्त पाचशे चौरस मीटर जागा ठेवायची, बाकी सगळी 'जादा घरं' सरकारजमा. त्यात राजघराण्यातल्या लोकांच्या इमारती गेल्या, तशी उतारवयातली सोय म्हणून कुणी पै-पै साठवून बांधलेली दोन खोल्यांची घरंही गेली. महाग घरांचा कारभार एका सरकारी खात्याकडे गेला. शंभर बिर्रपर्यंतच्या घरांचं भाडं मात्र एका नव्याच संस्थेनं वसूल करायचं होतं. तिचं नाव केबेले.

केबेले म्हणजे वस्तीची समिती. अदिस अबाबात अशा जवळपास तीनशे होत्या. निवडून आलेले पदाधिकारी, एक कचेरी, किरकोळ तंटे सोडवायला स्वतःचं न्यायमंडळ. भाडं गोळा करायचं, त्यातून रस्ता, नळ, संडास, बालवाडी असली कामं करायची, अशी कल्पना. कल्पना म्हणून मला ती आजही आवडते. ज्या शहरात गरिबाला कचेरीची पायरी चढायची चोरी होती, तिथे कचेरीच त्याच्या गल्लीत आली. पण भाडं गोळा करायचं तर कोणत्या घरात कोण राहतं हे माहीत हवं. मग वही आली. घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, मुलं किती, त्यांची वयं काय, कोण शिकतं, कोण बाहेरगावाहून येऊन राहिलंय.

इथिओपियाच्या क्रांतीबद्दल वाचताना मी या वहीपाशी अडकतो. दर्ग नावाच्या लष्करी समितीनं १९७४ ते १९९१ या काळात त्या देशावर राज्य केलं. त्या राज्याबद्दल लिहिताना बहुतेक जण कागदावर उभी रेघ मारतात. डावीकडे जमीन सुधारणा, साक्षरता, धर्मांना समान दर्जा. उजवीकडे लाल दहशत नावाची विरोधकांची कत्तल, दुष्काळ, सक्तीची स्थलांतरं. मग बेरीज-वजाबाकी करून कुणी म्हणतं नुकसान जास्त, कुणी म्हणतं तरीही काहीतरी झालं. मला ही रेघच पटत नाही, कारण दोन्हीकडच्या नोंदी एकाच दप्तरातून निघालेल्या आहेत.

आधी काय होतं हे सांगायला हवं, नाहीतर त्या भाडेकरूचा आनंद समजणार नाही. सम्राट हैले सेलासींच्या राज्यात दक्षिणेकडचा शेतकरी बहुतेक ठिकाणी कूळ होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मेनेलिक राजानं दक्षिण जिंकली आणि सोबत आलेल्या सैनिकांना, सरदारांना तिथली जमीन वाटली. जे पिढ्यान्‌पिढ्या ती कसत होते ते आपल्याच रानात कुळं झाले. अर्धं पीक मालकाला, वर वेठबिगार, वर सणासुदीच्या भेटी. राजधानीतल्या विद्यार्थ्यांनी १९६५मध्ये 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा देत मोर्चा काढला. पुढची नऊ वर्षं ती घोषणा थांबली नाही. १९७३मध्ये वोल्लो प्रांतात दुष्काळानं माणसं मेली आणि दरबारानं ते झाकून ठेवलं. एका ब्रिटिश वार्ताहराचा त्यावरचा माहितीपट दर्गनं ११ सप्टेंबर १९७४च्या रात्री दूरचित्रवाणीवर दाखवला, मध्येमध्ये राजवाड्यातल्या मेजवान्यांची दृश्यं जोडून. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्याऐंशी वर्षांच्या सम्राटाला एका फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या सीटवर बसवून नेलं. प्रचार म्हणून त्या रात्रीच्या चित्रफितीला तोड नाही. दहा वर्षांनी ती दर्गच्याच अंगावर कशी उलटली, ते पुढे येईल.

४ मार्च १९७५ रोजी ग्रामीण जमिनीचं फर्मान आलं. सगळी शेतजमीन जनतेच्या मालकीची. कूळपद्धत रद्द, खंड रद्द, मालकाचं जुनं देणं रद्द. एका कुटुंबाला जास्तीत जास्त दहा हेक्टर, तेही कसण्यापुरतं. विकायची नाही, गहाण टाकायची नाही, मजूर लावायचे नाहीत. साधारण आठशे हेक्टरांमागे एक शेतकरी संघटना, आणि वाटप तिनं करायचं. राजधानीत त्या दिवशी लाखो माणसं रस्त्यावर उतरली. आफ्रिकेत त्या काळी झालेल्या सगळ्यात मूलगामी जमीन सुधारणांत हिची गणना होते, आणि ती योग्यच आहे. मी तिथे अठरा वर्षांचा असतो तर त्या गर्दीत असतो, यात मला शंका नाही.

इतकंच नाही, त्यानंतर खेड्यातही गेलो असतो. कारण अकरावी-बारावीची आणि विद्यापीठातली मुलं व त्यांचे शिक्षक मिळून साठ हजारांच्या आसपास लोकांना सरकारनं खेड्यांत धाडलं होतं. या मोहिमेचं नाव झेमेचा, आणि तिथल्या अम्हारिक भाषेत झेमेचा म्हणजे स्वारी. शहरात वाढलेली ही पोरं पायात कॅनव्हासचे बूट घालून अशा गावी पोचली, जिथली भाषाही पुष्कळांना येत नव्हती. त्यांनी शेतकऱ्यांच्या संघटना उभ्या केल्या, फर्मान वाचून दाखवलं, जमीन मोजायला मदत केली. काही ठिकाणी जमीनदाराच्या बंदुका काढून कुळांच्या हाती देण्यापर्यंत त्यांची मजल गेली. सरकारला क्रांती हवी होती, पण तिची गती आपण ठरवू अशी. मुलांना ती आज संध्याकाळपर्यंत हवी होती. दर्गला मुलांची भीती वाटायला लागली ती तिथपासून.

त्याच सुमारास आणखी काही गोष्टी झाल्या, आणि त्या मला जमिनीइतक्याच मोठ्या वाटतात. सम्राटाच्या राज्यात ऑर्थोडॉक्स चर्च हा राज्याचा धर्म होता आणि देशातले मुसलमान परक्यासारखे राहत. १९७४च्या अखेरीस ईदला पहिल्यांदा सरकारी सुट्टी मिळाली. ओरोमो भाषा कोट्यवधींची, पण छापखान्यात तिला जागा नव्हती, ती मिळाली. ज्याच्या बापजाद्यांनी हा अपमान गिळलेला नाही, त्यानं याला किरकोळ म्हणू नये.

दर्गची सुरुवातीची घोषणा होती 'रक्ताचा थेंबही न सांडता इथिओपिया सर्वप्रथम'. दर्ग म्हणजे शे-सव्वाशे सैनिक-अधिकाऱ्यांची समिती. सर्वांत वरचा हुद्दा मेजर, खाली साधे शिपाई, आणि नावं गुप्त. देश कोण चालवतंय हे देशाला ठाऊक नव्हतं. ही घोषणा टिकली २३ नोव्हेंबर १९७४पर्यंत. त्या रात्री दर्गनं दोन माजी पंतप्रधान धरून साठ माणसांना ठार केलं. त्यांत समितीनं स्वतःच प्रमुखपदी बसवलेले जनरल अमान अंदोम हेही होते. खटला नाही, पंचनामा नाही. समितीत हात वर करून ठरलं. गंमत म्हणजे (गंमत कसली!) राजधानीतल्या बऱ्याच डाव्या तरुणांना याचं फारसं वाईट वाटलं नाही. मेले ते सरंजामदार होते.

इथे एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो आणि मला त्याचा वैताग आहे. शतकांची गुलामगिरी हळुवार हातानं मोडत नाही, असं तो म्हणतो. कठोर व्हावंच लागतं, काही माणसं मरणारच. ऐकायला मर्दानी वाटतं. पण इथिओपियात तारखा लावून पाहा. जमिनीचं फर्मान मार्च १९७५चं, घरांचं जुलैचं. काही सरदार बंदुका घेऊन डोंगरात गेले, त्यांच्याशी झटापटी झाल्या, पण जमीनदार वर्ग म्हणून वर्षभरातच संपला. कुळांनी खंड देणं थांबवलं आणि विषय मिटला. लाल दहशत आली १९७६च्या शेवटी आणि भडकली १९७७-७८मध्ये. तोवर मोडायचा तो सरंजाम मोडून झाला होता. त्या दोन वर्षांत जे मारले गेले ते बव्हंशी जमीनदार नव्हते. ते विद्यार्थी होते, शिक्षक होते, कामगार संघटनेतले होते. झेमेचात खेडोपाडी जमिनीचं फर्मान घेऊन गेलेल्या पिढीतलेच होते. त्यांना जमीन सुधारणा रद्द करायची नव्हती. क्रांती झाली असेल तर बराकीत परत जा आणि नागरी सरकार येऊ द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

तेव्हा सुधारणेसाठी रक्त सांडावं लागलं असं नव्हे. सुधारणा कुणाच्या नावावर जमा व्हायची, यासाठी ते सांडलं.

यात एकाच बाजूचे हात माखले होते असं मी म्हणणार नाही. तरुणांचे दोन पक्ष होते, इहापा आणि मेइसॉन. दोन्ही मार्क्सवादी, दोन्ही परदेशातल्या वसतिगृहांत जन्मलेले, आणि एकमेकांचे हाडवैरी. मेइसॉननं दर्गला टीका करत पाठिंबा द्यायचं ठरवलं, तर इहापानं विरोध करायचं. सप्टेंबर १९७६मध्ये दर्गमधला एक प्रमुख अधिकारी मेंगिस्तू हैले मरियम याच्यावर राजधानीत गोळीबार झाला. मग इहापाच्या मारेकऱ्यांनी मेइसॉनचे नेते आणि केबेलेचे पदाधिकारी टिपायला सुरुवात केली. ३ फेब्रुवारी १९७७ला मेंगिस्तूनं दर्गच्या बैठकीतून आपले विरोधक, समितीच्या अध्यक्षांसह, उचलून मारले आणि तो एकटाच वर उरला. एप्रिलमध्ये क्रांती चौकातल्या प्रचंड सभेत त्यानं रक्तासारख्या लाल द्रवाच्या बाटल्या उंच धरल्या आणि जमिनीवर आपटून फोडल्या. क्रांतीच्या शत्रूंचं काय होणार हे पुन्हा सांगायची गरज उरली नाही.

आता पुन्हा केबेलेकडे. ऑक्टोबर १९७६च्या फर्मानानं केबेलेला जादा अधिकार मिळाले आणि तिच्या क्रांतिरक्षकांच्या हाती शस्त्रं आली. मार्च १९७७मध्ये राजधानीत घरोघर झडती झाली. वाहतूक बंद, माणसं घरात कोंडलेली, आणि दारात उभा असलेला बंदूकधारी बहुतेक वेळा त्याच गल्लीतला. हत्यारं शोधत होतेच, पण टाइपरायटर आणि सायक्लोस्टाइलचं यंत्रही शोधत होते. ज्या घरात पत्रक छापता येतं ते घर संशयित. रात्री घरात कोण आहे आणि वहीत कोण आहे, हे ताडून पाहिलं जाई. घर क्रमांक अमुक, कुटुंबप्रमुख अमुक, मुलगे दोन, वयं सतरा आणि एकोणीस, विद्यार्थी. भाडं निम्म्यावर आणणारी नोंद हीच होती. एकोणीस वर्षांचा मुलगा त्या वेळी घरी नसेल तर कुठे आहे? आणि नोंदीत नसलेला तिसरा तरुण स्वयंपाकघरात झोपलेला आढळला तर तो कोण?

अनेक केबेल्यांच्या कचेऱ्या कोठड्या झाल्या. वस्तीच्या सभा भरवून लोकांना एकमेकांची, आणि स्वतःचीही, पापं उघड करायला लावलं. मेइसॉनच्या मंडळींनी सुरुवातीला या यंत्रणेला हातभार लावला. ऑगस्ट १९७७मध्ये त्यांचं दर्गशी फाटलं, आणि मग ती यंत्रणा त्यांच्यामागे लागली. प्रेतं रस्त्याच्या कडेला टाकत, काहींच्या छातीवर पाटी लावून. प्रेत हवं असेल तर घरच्यांनी गोळीचे पैसे भरायचे. रडायचं नाही, सुतक पाळायचं नाही.

यातली शेवटची बंदी किती खोल जाते हे कळायला एदिर म्हणजे काय ते माहीत हवं. अदिस अबाबात जवळपास प्रत्येक घर कुठल्या ना कुठल्या एदिरचं सभासद असतं. महिन्याची ठरलेली वर्गणी, आणि कुणाकडे मयत झालं की एदिर दारात तंबू ठोकतं, बाकं आणतं, जेवणाची भांडी आणतं. शेजारी दिवसेंदिवस येऊन बसतात. राजवट कुठलीही असो, धर्म कुठलाही असो, माणूस एकट्यानं रडत नाही अशी ही सोय. क्रांतीनं तेवढीही मुभा ठेवली नाही. जी आई मुलाला ओळखायला जाई, तिनं तोंडातून हुंदका काढला तर तिचीही चौकशी. किती मारले गेले याचे अंदाज दहा हजारांपासून काही लाखांपर्यंत आहेत. ही तफावतच पुरेशी बोलकी आहे. ज्यांचं सुतक पाळू दिलं नाही, त्यांची मोजदाद कोण ठेवणार?

आणि मग १९७९. शहरात इहापा संपलेला, सोमालियाशी ओगादेनचं युद्ध जिंकलेलं, आणि जुलै महिन्यात राष्ट्रीय साक्षरता मोहीम सुरू झाली. वर्ग भरवायचे कुणी? शहरात केबेलेनं, गावात शेतकरी संघटनेनं. निरक्षर कोण आहे याची यादी? ती होतीच. फिदेल ही त्यांची लिपी सोपी नाही. तेहतीस मूळ अक्षरं, प्रत्येकाची सात रूपं, एकूण दोनशे एकतीस. दिवसभर राबलेली बाई संध्याकाळी येऊन ती गिरवायची. पुढे एकूण पंधरा भाषांत हे वर्ग चालले. युनेस्कोकडून १९८०चा साक्षरता पुरस्कार मिळाला. साक्षरता दहा टक्क्यांच्याही खालून साठच्या पलीकडे गेली हा सरकारी दावा मी मीठ लावूनच वाचतो, आणि वर्गाला यायचं की नाही हे फारसं ऐच्छिक नव्हतं हेही खरं. तरीसुद्धा लाखो माणसं पहिल्यांदा आपलं नाव लिहायला शिकली. तो पुरस्कार लबाडीचा नव्हता.

मला छळतं ते हे. हुकूमशाहीनं दिखाव्यासाठी शाळा काढल्या असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण दर्गच्या लोकांना खरोखरच लोकांना शिकवायचं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच वस्तीतल्या शिकलेल्या मुलांना ज्यांनी वेचून नेलं, त्यांनाच आता तिथली प्रत्येक आई शिकलेली हवी होती. त्यांच्या लेखी यात विसंगती नव्हती. लोक ही घडवायची वस्तू होती, आणि घडवणाऱ्याला कुणी मध्ये बोललेलं चालत नव्हतं.

खेड्यात हेच जरा सावकाश झालं. शेतकरी संघटनेनं जमीन वाटली, आणि मग त्याच संघटनेमार्फत सरकारनं धान्याची लेव्ही ठरवली. सरकारी खरेदी महामंडळाला ठरवून दिलेल्या स्वस्त भावात इतकी पोती घालायचीच. १९८३पासून सक्तीच्या लष्करभरतीची यादीही संघटनेनंच द्यायची. मालक गेला, पण आता धान्य आणि पोरगा दोन्ही मागणारा एकच दरवाजा झाला. १९८४मध्ये पाऊस गेला. सप्टेंबरमध्ये दर्गनं क्रांतीचा दहावा वर्धापनदिन कमानी, पुतळे आणि संचलनांनी साजरा केला. उत्तरेत माणसं मरत होती आणि परदेशी पत्रकारांना तिकडे जाऊ देत नव्हते. ऑक्टोबरमध्ये कोरेमच्या छावणीतली दृश्यं जगानं टीव्हीवर पाहिली. मेजवान्यांच्या शेजारी भुकेलेली तोंडं दाखवून ज्यांनी सम्राटाला खाली खेचलं, त्यांच्यावर दहा वर्षांनी नेमकी तीच चित्रफीत बेतली. मृतांचा आकडा चार लाखांपासून दहा लाखांपर्यंत सांगतात. त्यावर सरकारचं उत्तर असं, की उत्तरेतले सुमारे सहा लाख लोक उचलून दक्षिण-पश्चिमेला वसवायचे. नावं कुणी दिली, हे वेगळं सांगायला नको.

मार्च १९९०मध्ये, बंडखोर सैन्य जवळ येत असताना, मेंगिस्तूनं मिश्र अर्थव्यवस्थेची घोषणा केली. सहकारी शेतीतून बाहेर पडायची मोकळीक मिळाली. बहुतेक सामुदायिक शेतं पाहता पाहता मोडली. शेतकऱ्यांनी बैल, अवजारं, रान वाटून घेतलं. सक्तीनं एकत्र वसवलेल्या गावांतून अनेकांनी छपराची लाकडं उचलली आणि जुन्या जागी नेऊन घर उभं केलं. पण १९७५पूर्वीच्या मालकाला बोलवायला कुणीही गेलं नाही. शेतकऱ्यानं क्रांतीतलं काय ठेवायचं आणि काय फेकायचं ते स्वतःच निवडलं, आणि मला त्या निवडीपेक्षा नेमकं परीक्षण कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही.

२१ मे १९९१ला मेंगिस्तू विमानानं झिंबाब्वेला पळाला. मागे कागद राहिले. १९९२मध्ये नेमलेल्या विशेष अभियोक्त्यांना पुराव्यासाठी फार हिंडावं लागलं नाही, कारण दर्गनं सगळं लिहून ठेवलं होतं. हुकूम सहीशिक्क्यासह, तुरुंगांतले अहवाल, कुणाला कधी 'क्रांतिकारी उपाय' लागू केला त्याच्या नोंदी. ५,१९८ जणांवर आरोप ठेवले गेले. मेंगिस्तूला डिसेंबर २००६मध्ये त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरवलं, आधी जन्मठेप, मग २००८मध्ये अपिलात फाशी. झिंबाब्वेनं त्याला परत पाठवलं नाही. लोक विचारतात, गुन्हेगार स्वतःविरुद्धचा पुरावा का जपतील? मला वाटतं त्यांना तो पुरावा वाटतच नव्हता. भाडं वसूल झालं, अमका साक्षर झाला, तमक्याचा निकाल लावला, ही सगळी झालेली कामं. चांगला कारकून झालेलं काम नोंदवतो.

नव्या राज्यकर्त्यांनी दर्गचे पुतळे पाडले, झेंडा बदलला, राज्यघटना बदलली. १९९५च्या त्या घटनेच्या चाळिसाव्या कलमात जमीन राज्याची आणि लोकांची, विकता येणार नाही, ही १९७५ची तरतूद तशीच राहिली. केबेल्याही राहिल्या. भाडं इतकं कमी की दुरुस्ती परवडत नाही, म्हणून छपरं गंजलेली ती 'केबेलेची घरं' पुढेही अनेक दशकं गरिबांची राहती घरं होती, आणि शहराच्या मध्यवस्तीत राहणं त्यांना परवडत होतं ते केवळ त्या फर्मानामुळे. या दशकांत सत्तेवर आलेल्या प्रत्येकानं हे दप्तर स्वतःसाठी वापरलं. ते वहीवाल्यांच्या हातून काढून वहीत नाव असलेल्यांच्या हाती द्यावं, एवढीच १९७६मधल्या त्या पोरांची मागणी होती.